न झालेले स्फोट

पडद्यावर दस्तगीर मुल्लाचं तोंड जळत होतं आणि खरा दस्तगीर तिसऱ्या रांगेत बसून चहात बिस्किट बुडवत होता.

आधी स्फोट दिसला, आवाज मागाहून आला. भट्टीच्या तोंडातून पातळ लोखंडाचा लोट छतापर्यंत उसळला आणि फलाटावरच्या तिघांवर कोसळला. एकाचं हेल्मेट कवटीला चिकटलं. दुसरा कठड्यावरून खाली गेला तेव्हा त्याचा उजवा हात वरच राहिला होता. दस्तगीर गुडघ्यांवर बसला आणि बसल्या जागी काळा होत गेला. मग चित्र थांबलं आणि खाली हिरव्या अक्षरांत ओळ उमटली : 'हे घडलं नाही. कारण : इंद्रजित सासने.'

हॉलभर टाळ्या पडल्या. भट्टीत भंगार ओततात त्या चार्जिंग फलाटाचा हा तरुण सुपरवायझर उठला आणि छातीवर हात ठेवून वाकला. अशा वेळी सासने फार गोड लाजायचा. दस्तगीरनं स्वतःला मरताना पाहिलं आणि उरलेलं बिस्किट संपवलं. या तिमाहीतलं हे त्याचं चौथं मरण होतं आणि काय ती उलटी पहिल्याच खेपेला करून झाली होती.

शेवटच्या रांगेत पद्मजा मगदूम टाळ्या न वाजवता बसली होती. तिचं नाव त्या पडद्यावर एकदाही आलं नव्हतं.

कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या रेणुदीप फाउंड्रीत पद्मजा अठरा वर्षं भंगार-यार्डाची तपासनीस होती. फाउंड्री जगते भंगारावर. मोडक्या गाड्यांचे सांगाडे, पाइप, ड्रम, शॉकॲब्सॉर्बर असं सगळं भट्टीत जातं आणि दीड हजार अंशांवर त्याचा रस होतो. त्या रसात तोंड बंद असलेली एखादी वस्तू गेली आणि तिच्यात पाणी असलं, की संपलं. पाण्याची वाफ होताना ती सोळाशे पट फुगते, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. चहाच्या कपाएवढं पाणी आख्खी भट्टी माणसांच्या अंगावर फेकू शकतं. म्हणून पद्मजा रोज सकाळी सातला हातात लोखंडी आकडा आणि लाल रंगाचा डबा घेऊन भंगाराच्या ढिगावर चढायची. एकेक वस्तू उलटायची, हलवून बघायची, पाण्याचा आवाज ऐकायची. जी नको तिला लाल फासायची आणि बाजूच्या ढिगावर टाकायची. दोन्ही हातांवर कापल्याच्या खुणा इतक्या, की बांगड्या भरणारी बाईही हळहळायची.

तिचे वडील शिरोळला प्राथमिक शिक्षक होते. आपण केलेलं काम आपल्या तोंडानं सांगत फिरू नये, अशी त्यांची सक्त ताकीद. पद्मजानं ती इतकी मनावर घेतली की पगारवाढीच्या मुलाखतीत 'वर्षभरात काय केलंत?' असं विचारलं तर ती 'नेहमीचंच' म्हणून मोकळी व्हायची. जे होऊच दिलं नाही ते दाखवायचं तरी कसं? बाकीचे सांगायचे, दाखवायचे, साहेबांच्या गाडीचं दार उघडायचे आणि पुढं जायचे. ती ढिगावरच राहिली.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी 'अन्यथा' नावाची यंत्रणा घ्यायची का, असा प्रश्न कामगार समितीत आला तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठून बोलली. "आता कुणाला स्वतःची टिमकी वाजवायला नको आणि कुणाची पुढंपुढंही करायला नको," असं ती म्हणाली आणि दोन मतांनी ठराव पास झाला. त्यातलं एक मत दस्तगीरचं होतं.

'अन्यथा' हा तसा साधा विचार होता. कारखान्यात हजारो संवेदक आणि कॅमेरे बसवले. तापमान, वजन, कंप, कोण कुठं उभा आहे, कुणी कुठलं बटण दाबलं, सगळं टिपलं जायचं. त्यावरून संगणकात हुबेहूब दुसरा कारखाना उभा राहायचा. मग त्या दुसऱ्या कारखान्यातून एक माणूस काढून टाकायचा आणि तोच दिवस त्याच्याशिवाय दहा हजार वेळा चालवून बघायचा. त्या न झालेल्या दिवसांत सरासरी किती माणसं मेली, किती मोडली, ते मोजायचं. तुम्ही असतानाचा दिवस आणि तुम्ही नसतानाचा दिवस, यातलं अंतर म्हणजे तुमचा 'फरक'. शेखी मिरवायला जागाच नाही. तुम्ही कोण आहात हे तुमच्याशिवायचं जग सांगणार.

पद्मजाचा फरक आला शून्य पूर्णांक चार. कँटीनमधल्या चहावाल्याचा एक होता.

ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं यंत्रणेचं स्पष्टीकरण उघडून शब्द न् शब्द वाचलं. 'अन्यथा'चं म्हणणं असं, की पद्मजानं ढिगावर पाण्यानं भरलेला पाइप सोडला असता तरी पुढं चार राखणदार होते : मॅग्नेट क्रेनवाला, ओल टिपणारा कॅमेरा, भंगार भट्टीपर्यंत नेणाऱ्या बकेटचा वजनकाटा आणि भट्टीवरचा माणूस. या चौघांकडून तोवर एकही धोकादायक वस्तू निसटलेली नव्हती, तेव्हा त्यांच्यातल्या कुणीतरी पकडलाच असता. त्यांच्याकडून काही निसटलं नव्हतं कारण इतकी वर्षं त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं, हे यंत्रणेला कुठून कळणार? तिच्याच कामानं तिचं काम पुसून टाकलं होतं. पद्मजा स्क्रीनसमोर बसून हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं.

सासनेचा तो सिनेमा बघितल्यावर ती कारखान्याचे मॅनेजर असलेल्या घाटगे साहेबांकडे गेली. साहेब भले होते. भल्या माणसांशी भांडता येत नाही, हीच अडचण.

"साहेब, मी दीड दिवस रजेवर होते, चुलतबहिणीच्या लग्नाला. त्याच दिवशी तो बंद सिलिंडर भट्टीपर्यंत गेला. चौघांनी कुणी पकडला नाही. त्याचाच सिनेमा दाखवला तुम्ही."

"पण सासनेनं पकडला की, अक्का."

"पाच सेकंद राहिले असताना."

"म्हणून तर फरक मोठा आला. त्याच्यानंतर पकडायला कुणी उरलंच नव्हतं." साहेबांनी हात पसरले. "हे बघा, मी कुणाचं ऐकायचं नाही, यासाठीच तर आपण हे आणलं. तुम्हीच आग्रह धरला होता. आता तुमचं ऐकलं तर उद्या सगळे सांगत येतील."

ती उठली.

पंधरा दिवसांनी तिला सासनेचं गुपित स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. क्रेनवाल्याच्या मॅग्नेटनं चुकून बाजूच्या ढिगातला ड्रम उचलला. तिनं लाल फासलेला, अर्धा पाण्यानं भरलेला ड्रम. यार्डातून ती ओरडत धावत सुटली. यार्ड ते फलाट दोनशे पावलं. जिना चढून वर आली तेव्हा बकेट भट्टीकडे सरकत होती आणि सासने कठड्याशी उभा होता. बोट थांबवायच्या बटणावर होतं, डोळे त्या लाल ड्रमवर होते आणि ओठ हलत होते. तो सेकंद मोजत होता.

त्यानं बटण दाबलं तेव्हा बकेट भट्टीच्या ओठावर आली होती. अचानक थांबल्यामुळं ती झोका खाऊन मागं आली आणि माने नावाच्या फिटरच्या मांडीवर आदळली. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मानेच्या पँटमधून हाड बाहेर आलं आणि तो खाली बसला, ओरडायचंही विसरून.

पद्मजानं सासनेची गचांडी धरली आणि त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. असं काही ती करू शकते, हे तिलाच माहीत नव्हतं. एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं. भुवईतून रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. त्यानं कोपर मारून तिला ढकललं. ती पत्र्याच्या ढिगावर पडली आणि तिचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला.

"तू बघितला होतास," ती म्हणाली. "लाल रंग बघितला होतास तू."

सासनेनं रक्त पुसलं. मग इतक्या हळू बोलला की कुठल्याही माइकला ऐकू जाऊ नये. "लवकर थांबवलं असतं तर काय मिळालं असतं, अक्का? तुम्हाला काय मिळालं?"

त्या दिवसाचे सासनेला चार फरक मिळाले. मानेचा पाय मांडीतून कापला, त्याचा अर्धा वजा झाला. मारामारीबद्दल पद्मजाला सक्त ताकीद मिळाली आणि पाठोपाठ पत्र आलं : तिमाहीअखेर ज्यांचा फरक एकाच्या खाली राहील त्यांची पदं रद्द होतील. तिमाही संपायला नऊ दिवस होते. यार्डावर तिच्या जागी कुणीच येणार नव्हतं. ज्या जागेचा फरक शून्य, तिथं माणूस कशाला?

ते पत्र तिनं गेटबाहेरच्या बसथांब्यावर दस्तगीरला दाखवलं. थांब्यावर कॅमेरा नव्हता. दस्तगीर भट्टीवर एकवीस वर्षं होता. त्याचा आणि तिचा दुपारचा डबा एका पत्र्याच्या शेडखाली उघडायचा. तो तिला अक्का म्हणायचा, ती त्याला मामा. त्यानं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"एकदा सोडा," तो म्हणाला.

"काय?"

"एक बंद शॉकॉब्सर. आपल्याला ठाव असलेला. माझ्या बकेटीत यीऊ दे. तुमी वर या, हात वर करा. मी थांबतो. एवढंच की."

"वेड लागलंय का मामा तुम्हाला?"

"मला ठाव असंल तर धोका कुठला? मशिनीला कुठं ठाव असनार मला ठाव हाय म्हनून?" तो रस्त्याकडे बघत राहिला. "एकवीस वर्सं भट्टीवर हाय. तुमी यायच्या आदी तीन मानसं उचलून बाहेर काडली मी ह्या हातांनी. एकाचं कातडं माझ्या हातमोज्याला चिकटून आलं. तुमी आल्यापास्नं एक फोड न्हाई अंगावर. तुमी गेला तर मी बी ऱ्हात न्हाई हितं. सासन्याच्या बोटावर मरायचं का काय?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिला हिशेब दिसला आणि त्या हिशेबाची तिला किळस आली, पण तो बरोबर होता. तिनं ढिगावर वस्तू सोडली, तर तिच्याशिवायच्या जगातही ती सुटलीच असती. म्हणून सोडण्याचा फरक शून्य. शेवटच्या सेकंदाला थांबवली, तर तिच्याशिवायच्या जगात तीन मुडदे. त्याचा फरक तीन. एकदाच करायचं आणि मग पुन्हा मरेपर्यंत आपलं काम करायचं. अठरा वर्षांत तिनं स्वतःसाठी एवढंही मागितलं नव्हतं.

मंगळवार ठरला. तिसरी बकेट.

सव्वानऊला तिला हवी ती वस्तू सापडली. पिवळा शॉकॲब्सॉर्बर, दोन्हीकडून बंद, हलवला की खळखळणारा. तिनं तो उचलला, हातात तोलला आणि तिसऱ्या बकेटीच्या वाट्याच्या भंगारावर परत ठेवला. आणि तिथून पुढं तिची नजर ढिगावर राहिलीच नाही. उरलेली वीस मिनिटं तिनं वस्तू उलटल्या, हलवल्या, पण तिला दिसत होता फक्त तो पिवळा. अठरा वर्षांत तिनं ढीग कधी अर्ध्यावर सोडला नव्हता. त्या दिवशी सोडला आणि सोडल्याचं तिला कळलंही नाही.

दोन्ही टोकं हातोड्यानं चपटी केलेला एक वाकडा पाइप होता. पावसाळ्यात कुणाच्या तरी परड्यात पडून राहिलेला. तो दुसऱ्या बकेटीत गेला.

दहा वाजता पद्मजा जिना चढून फलाटावर आली. जरा लवकरच आली होती. दुसरी बकेट रिकामी होत होती. भट्टीच्या तोंडाशी दस्तगीर लांब सळई घेऊन उभा होता. एरवी तो प्रत्येक बकेटीवर मान वाकडी करून स्वतः नजर टाकायचा. त्या दिवशी त्यानं बकेटीकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघितलं. तिचा हात खाली होता. त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि अडकलेलं भंगार आत ढकलायला पुढं वाकला.

त्याच क्षणी तिला पाइप दिसला. सळईच्या टोकाशी, रसात अर्धा बुडालेला.

तिनं हात वर केला.

भट्टी फुटली. ऐकू काहीच आलं नाही, फक्त छातीवर कुणीतरी दार आपटल्यासारखं झालं. पांढरं लोखंड वर गेलं आणि पसरलं. पद्मजा भिंतीवर फेकली गेली. तिचा हात शटरच्या तरफेवर पडला आणि तिनं सगळं वजन टाकून ती ओढली. फलाट आणि खालचा मजला यांच्यामध्ये लोखंडी शटर खाडकन कोसळलं. त्याच्या पलीकडं पाच माणसं होती. दुसरी लाट शटरवर आदळली आणि शटर लालभडक होऊन फुगलं, पण टिकलं. अलीकडं दस्तगीर होता.

तो उभा होता. कपडे नव्हते, केस नव्हते. तो दोन पावलं तिच्या दिशेनं चालला आणि प्रत्येक पावलाला त्याच्या तळव्याचं काहीतरी जमिनीवर राहिलं. तिनं त्याला धरलं तेव्हा त्याच्या हाताचं कातडं तिच्या हातात आलं. तिनं ते टाकलं नाही. कुठं टाकायचं ते तिला कळेना.

दस्तगीर तीन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी सरकारी कारखाना निरीक्षक इस्पितळात जबाब घ्यायला आले. पद्मजा दाराशी उभी होती. पट्ट्यांमधून फक्त तोंडाची फट दिसत होती.

"अक्कानं हात वर केलता," दस्तगीर एकेक शब्द सुटा सुटा करत बोलला. "वरडल्या बी. मलाच ऐकू आलं न्हाई. पोरं वाचली ती त्यांच्यामुळं. लिवा, साहेब. त्या सोता सांगायच्या न्हाईत."

निरीक्षकांनी लिहून घेतलं. पद्मजा पुढं झाली तेव्हा दस्तगीरनं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, तेवढीच, फलाटावर हलवली होती तशी. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

चौकशी घाटगे साहेबांच्या खोलीत झाली. पद्मजानं सगळं सांगितलं. पत्र, बसथांबा, पिवळा शॉकॲब्सॉर्बर, अर्ध्यावर सुटलेला ढीग. काही गाळलं नाही. निरीक्षक ऐकत होते आणि मधूनमधून साहेबांकडे बघत होते. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी 'अन्यथा'चा अहवाल तिच्याकडे वळवला. पद्मजाशिवायच्या दहा हजार मंगळवारांत शटर पडलं नव्हतं. सरासरी सहा मेले होते. पाइप सगळ्या मंगळवारी भट्टीत गेला होता, तेव्हा तो न पकडण्याचा फरक शून्य. जिवंत राहिलेले पाच तिच्या नावावर होते. रेणुदीप फाउंड्रीत एका दिवसात कुणी एवढा आकडा केला नव्हता.

"पण मी तपासलंच नाही," ती म्हणाली. "मी नेहमीसारखं तपासलं असतं तर एकही मेला नसता. असा दिवस चालवून बघा. मला काढून टाकू नका, मी माझं काम करतेय असा दिवस चालवा."

"तशी सोय नाही त्यात," निरीक्षक म्हणाले. ते खरंच होतं.

घाटगे साहेबांनी उठून तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "आमच्या अक्का अशाच, साहेब. अठरा वर्षं बघतोय. जीव गेला तरी स्वतःकडं श्रेय घ्यायच्या नाहीत, वर दोष ओढून घेतील." आणि त्यांनी तिच्या हातात पत्र दिलं. तिला सुरक्षा विभागाची प्रमुख केलं होतं. खिडकीबाहेर जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. शटरच्या पलीकडचे पाचही त्यांत होते.

आयुष्यभर तिला हेच हवं होतं, हे कबूल करायला हवं. न सांगता दिसावं. आता ती सांगत होती आणि कुणाला दिसत नव्हतं.

ती तिथून थेट दस्तगीरच्या घरी गेली. दफन होऊन दोन दिवस झाले होते. मुल्ला गल्लीतल्या त्या घरात दुपारची सामसूम होती, पाहुणे पांगले होते. मागच्या पडवीत दस्तगीरची बायको जुबेदा जमिनीवर बसून खलात लसूण कुटत होती. बत्ता लोखंडी होता, दस्तगीरनंच फाउंड्रीत ओतून घेतलेला. पद्मजा तिच्यासमोर बसली आणि बोलायला लागली. जुबेदा कुटत राहिली.

"म्हाईत हाय," मध्येच ती म्हणाली. "आदल्या दिशी सांगिटलं मला त्यांनी. म्या नगं म्हटलं. म्हनले, अक्काचं काम जायला लागलंय. म्या म्हटलं, तुमी गेला तर?" बत्ता थांबला. "तुमी का न्हाई नगं म्हटला?"

पद्मजा म्हणाली, "म्हटलं होतं एकदा. दुसऱ्यांदा नाही म्हटलं. मला ते हवं होतं."

जुबेदानं तिचा उजवा हात मनगटाला धरून फरशीवर दाबला आणि बत्ता खाली आणला. बोटं मोडल्याचा आवाज दोघींनी ऐकला. पद्मजा ओरडली, पण तिनं हात काढून घेतला नाही. जुबेदानं पुन्हा मारलं. मग ती गुडघ्यांवर उठली, बत्ता दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि पद्मजाच्या कवटीवर नेम धरला. पद्मजानं वर बघितलं आणि डोळे मिटून मान पुढं केली. त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, सुटका झाल्यासारखं वाटलं. एवढ्या दिवसांत तिचं बोलणं कुणीतरी खरं धरलं होतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग बत्ता फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"आता जे झालं न्हाई," जुबेदा धापा टाकत म्हणाली, "ते घाला तुमच्या मशिनीत. बघू कुनाचं नाव लिवती."

पद्मजा रडायला लागली. जुबेदानं तिला रडू दिलं नाही. दंडाला धरून उठवलं, खुंटीवरचा दस्तगीरचा टॉवेल काढला आणि तिच्या मोडलेल्या हाताला करकचून गुंडाळला. "चला पोलिसात. मी येतो संगं. एकट्या गेला तर वाटंत कुनीतरी भलं मानूस भेटंल आन् तुमाला माघारी धाडंल."

चौकीत हवालदारानं कागद पुढं ओढला आणि पद्मजाला पहिल्यापासून बोलायला लावलं. ती बोलत गेली, तो लिहीत गेला. शेवटाला आल्यावर त्याची नजर रक्तानं भिजलेल्या टॉवेलवर गेली.

"हाताला काय झालं, बाई?"

"पडले," पद्मजा म्हणाली. "ते नका लिहू."

"म्या मोडला," जुबेदा म्हणाली. ती टेबलाशी आली आणि तिनं कागदावर बोट ठेवलं. "जुबेदा दस्तगीर मुल्ला. लिवा. झालं तेवडं समदं लिवा."